युद्धगुन्ह्यांचे खटले आणि जुन्या युद्धांच्या बातम्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पत्रकारितेचे विद्यार्थी, परदेशी बातम्यांच्या पानावर बसणारे उपसंपादक आणि निकालाची बातमी वाचून गोंधळलेले वाचक यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाची आहेत. तिथे युद्ध, खटला आणि बातमी या तिन्हींचे कागद उपलब्ध आहेत. शिवाय चोवीस वर्षांच्या त्या कामात बातमीदारीतली करता येण्याजोगी जवळपास प्रत्येक चूक कुणी ना कुणी करून ठेवली आहे.

‘हेगच्या न्यायालयाने निकाल दिला’ असं छापून येतं. म्हणजे नेमकं कोणत्या?

हा प्रश्न आधी सोडवला नाही तर पुढची सगळी बातमी तिरकी जाते. मराठी वाचकाच्या डोक्यात ‘हेग’ म्हटलं की कुलभूषण जाधव येतात. ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देश विरुद्ध देश अशी भांडणं चालतात. १७ जुलै २०१९ चा निकाल भारत विरुद्ध पाकिस्तान होता आणि मुद्दा व्हिएन्ना करारानुसार वकिलातीच्या संपर्काचा होता. जाधव दोषी की निर्दोष, हे तिथे ठरलंच नाही.

दुसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. हे २००२ पासूनचं, कायमस्वरूपी. इथे व्यक्तींवर खटले चालतात. भारत त्याचा सदस्य नाही.

तिसरं, माजी युगोस्लाव्हियासाठीचं न्यायाधिकरण, नव्वदच्या दशकात तो देश फुटताना झालेल्या युद्धांतल्या गुन्ह्यांसाठीचं. सुरक्षा परिषदेच्या २५ मे १९९३ च्या ८२७ क्रमांकाच्या ठरावाने ते जन्मलं आणि ३१ डिसेंबर २०१७ ला बंद झालं. १६१ जणांवर आरोपपत्रं ठेवली गेली. उरलेली अपिलं आणि कागदपत्रं ‘अवशिष्ट यंत्रणा’ नावाच्या छोट्या संस्थेकडे गेली. म्हणूनच बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच याचं अपील २०२१ मध्ये फेटाळलं ते ‘युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने’ नव्हे, या यंत्रणेने.

गल्लत कुठे महागात पडते? २६ फेब्रुवारी २००७ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया या दाव्यात सांगितलं की स्रेब्रेनित्सात (पूर्व बोस्नियातलं गाव; बोस्नियन सर्ब सैन्याने जुलै १९९५ मध्ये तिथले हजारो मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले) वंशसंहार झाला. सर्बियाने तो स्वतः केला नाही. पण तो रोखण्याचं आणि दोषींना शिक्षा करण्याचं कर्तव्य मोडलं. या एका निकालातून दोन अगदी उलटे मथळे काढता येतात, आणि दोन्ही अर्धवट असतात.

खटल्यामुळे जुन्या युद्धाच्या बातमीत प्रत्यक्ष काय बदलतं?

सगळ्यात आधी आकडे बदलतात. युद्धकाळात आकडा येतो तो मंत्र्याच्या, लष्करी प्रवक्त्याच्या किंवा मदत संस्थेच्या तोंडून. बोस्नियाच्या युद्धात (१९९२–९५) मृतांचा आकडा २ लाख, कधी अडीच लाख असा छापला जाई, आणि युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं तोच पुढे ढकलला गेला.

न्यायालयात असा गोल आकडा चालत नाही, कारण बचावपक्ष उलटतपासणी घेतो. त्यामुळे अभियोग कार्यालयाच्या लोकसंख्या विभागाने नावनिशीवार काम केलं: १९९१ च्या जनगणनेतल्या नोंदी, युद्धानंतरच्या मतदारयाद्या, रेड क्रॉसच्या बेपत्तांच्या याद्या, एकमेकींशी ताडून. इवा ताबो आणि याकुब बियाक यांचा २००५ चा अंदाज १,०२,६२२ होता; २०१० मध्ये तो सुधारून १,०४,७३२ झाला. सारायेवोच्या संशोधन व दस्तऐवज केंद्राने न्यायालयापासून स्वतंत्रपणे नावं गोळा केली आणि २००७ मध्ये ९७,२०७ जणांची यादी मांडली. दोन वेगळ्या वाटा जवळपास एकाच ठिकाणी पोचल्या. त्यानंतर वृत्तसंस्थांच्या मजकुरात ‘सुमारे १ लाख’ रुळलं.

आकडा निम्म्यावर आल्याचा दोन्ही बाजूंनी त्रास झाला. पीडितांच्या काही संघटनांना तो अपमान वाटला; नाकारणाऱ्यांनी ‘बघा, फुगवलं होतं’ म्हणून तो मिरवला. ज्यांनी फक्त एकूण बेरीज छापली त्यांनी या दुसऱ्या गटाला आयतं मैदान दिलं. त्याच सारायेवोच्या यादीत मारल्या गेलेल्या नागरिकांपैकी चार पंचमांशांहून अधिक बॉस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, होते. ती ओळ बेरजेच्या शेजारीच हवी.

मग स्रेब्रेनित्साचे इतके वेगवेगळे आकडे का दिसतात? ८,३७२, ७,८२६, ५,३३६…

ते मोजण्याच्या वेगळ्या कसोट्या आहेत. ८,३७२ हा पोतोचारीच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेला आकडा. जून २०१० च्या पोपोविच खटल्याच्या निकालात सुनावणी पीठाने म्हटलं की ओळख पटलेले किमान ५,३३६ जण मारले गेले, आणि प्रत्यक्ष आकडा ७,८२६ इतकाही असू शकतो. ५,३३६ हा त्या दिवसापर्यंत नावानिशी सिद्ध झालेल्यांचा. डीएनए तपासणी पुढे चालू राहिली आणि ओळख पटलेल्यांची संख्या वाढत गेली.

‘न्यायालयाने फक्त ५,३३६ मान्य केले’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे, आणि ते बहुधा अनवधानाने लिहिलेलं नसतं. ‘किमान’ गाळलं की अर्थ फिरतो. आकड्यासोबत तारीख आणि कुणाचा आकडा हे दोन्ही द्या, मग एका बातमीत तिन्ही आकडे सुखाने नांदू शकतात.

‘नरसंहार’ लिहायचं की ‘वंशसंहार’?

मराठी वर्तमानपत्रांत ‘नरसंहार’ हा शब्द फार सैल झाला आहे. जालियनवाला बागेपासून एखाद्या गावातल्या गोळीबारापर्यंत सगळ्याला तोच लागतो. १९४८ च्या कराराने व्याख्या केलेल्या गुन्ह्यासाठी ‘वंशसंहार’ बरा, कारण त्या गुन्ह्याचा गाभा मृतांची संख्या नसून एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा आहे. निकालाच्या बातमीत तरी हा भेद पाळावा.

खटल्यांनी शब्दाला धार कशी दिली, ते बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिचच्या प्रकरणात दिसतं. २ ऑगस्ट २००१ ला त्याला वंशसंहारासाठी ४६ वर्षांची शिक्षा झाली. १९ एप्रिल २००४ ला अपिलात ती ३५ वर्षांवर आली, कारण तो प्रमुख कर्ता नव्हे तर वंशसंहाराला साहाय्य करणारा ठरला. काही ठिकाणी ही बातमी ‘वंशसंहाराचा आरोप सौम्य’ अशी चालली. प्रत्यक्षात अपील पीठाने स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला हे ठामपणे कायम केलं होतं. बदलली होती ती एका माणसाची भूमिका.

उलट बाजूनेही चूक होते. न्यायाधिकरणाने वंशसंहार सिद्ध मानला तो स्रेब्रेनित्सापुरता. १९९२ मध्ये प्रियेदोर आणि इतर नगरपालिकांत जे घडलं, त्यासाठी छळ, संहार, हद्दपारी अशा मानवतेविरोधी गुन्ह्यांची शिक्षा झाली. बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता कराजिच आणि म्लादिच दोघेही नगरपालिकांबाबतच्या वंशसंहाराच्या कलमातून सुटले. ‘बोस्नियातल्या वंशसंहाराबद्दल दोषी’ असं सरसकट लिहिलं की हा तपशील हरवतो, आणि मग कुणी बोट ठेवलं की सगळी बातमीच संशयास्पद ठरते.

खटला वर्षानुवर्षं चालतो. बातम्या मात्र चारच दिवस का येतात?

अटक, पहिला दिवस, निकाल, अपील. एवढंच बहुतेक संपादकांना परवडतं. म्लादिचच्या खटल्यात सुनावणीचे ५३० दिवस झाले आणि जवळपास १०,००० पुरावे दाखल झाले. वाचकाला त्यातले चार दिवस दिसले. मधल्या काळात वाहिन्यांना हवी असते ती आरोपीची मुद्रा: म्लादिच ओरडला, त्याला बाहेर काढलं, बातमी झाली. त्या दिवशी साक्ष देणाऱ्या बाईने काय सांगितलं, ते राहून जातं.

याला अपवाद ठरलेलं एक काम माहीत असावं. मिर्को क्लारिन या पत्रकाराने मे १९९१ मध्येच, म्हणजे युद्ध पुरतं पेटण्याआधी, ‘बोर्बा’ दैनिकात ‘न्यूरेम्बर्ग आत्ताच हवं’ अशा आशयाचा लेख लिहिला होता. पुढे १९९८ मध्ये त्यांनी सेन्स ही वृत्तसंस्था सुरू केली. तिची माणसं हेगला न्यायाधिकरणाच्या इमारतीतच बसत, रोजच्या सुनावणीची बातमी स्थानिक भाषेत देत आणि दर आठवड्याला दूरचित्रवाणी कार्यक्रम करत. माजी युगोस्लाव्हियातल्या ज्या छोट्या वाहिन्यांना हेगला बातमीदार ठेवणं शक्य नव्हतं, त्या हा मजकूर घेत. आज जुन्या साक्षींवर कुणी माहितीपट करायला घेतला तर पहिला आधार बहुधा तोच असतो. चार दिवसांच्या बातम्या तोवर कालबाह्य झालेल्या असतात.

एखाद्या पुराव्याने खरंच एका रात्रीत वातावरण बदललं, असं झालंय का?

एकदा नक्की. १ जून २००५. सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचच्या खटल्यात बचावपक्षाच्या साक्षीदाराची, एका पोलीस जनरलची, उलटतपासणी चालू असताना ‘स्कॉर्पियन्स’ या सर्ब तुकडीने स्वतःच काढलेली व्हिडिओ टेप दाखवण्यात आली. स्रेब्रेनित्सातून नेलेल्या सहा तरुण-किशोरांना त्र्नोवोजवळ गोळ्या घातल्याचं त्यात दिसत होतं. टेप मिळवली होती बेलग्रेडच्या मानवाधिकार कार्यकर्त्या नताशा कांडिच यांनी. सर्बियातल्या वाहिन्यांवर ती लगोलग दिसली, काही दिवसांत अटका झाल्या, आणि एप्रिल २००७ मध्ये बेलग्रेडच्याच न्यायालयाने चौघांना दोषी ठरवलं.

ती इतकी का लागली? तोवर हेगमधल्या साक्षी ‘त्यांच्या’ होत्या, दुभाष्याच्या सपाट आवाजातून येणाऱ्या. या टेपमध्ये मारणारे प्रेक्षकांच्याच बोलीत बोलत होते आणि वैतागून कॅमेऱ्याच्या बॅटरीबद्दल कुरकुरत होते.

आणि ती किती टिकली? फार नाही. काही आठवड्यांतच चर्चा ‘हे मोजके गुंड होते, राज्याचा संबंध नाही’ या वळणावर गेली. दृश्य पुराव्याने घटना नाकारणं अवघड होतं. जबाबदारी नाकारणं नाही. त्यासाठी आदेशसाखळीचे कागद लागतात, आणि कागद पडद्यावर कंटाळवाणे दिसतात.

थेट प्रक्षेपण चांगलं की वाईट?

न्यायाधिकरणाचं प्रक्षेपण ‘थेट’ म्हटलं जाई, पण ते ३० मिनिटं उशिरा जाई, म्हणजे चुकून संरक्षित साक्षीदाराचं नाव उच्चारलं गेलं तर ते कापता येई.

अडचण वेगळीच निघाली. मिलोशेविचने वकील नाकारून स्वतःच बाजू मांडली. १२ फेब्रुवारी २००२ ला खटला सुरू झाला आणि बेलग्रेडच्या बी-९२ वाहिनीवर दिसू लागला. उलटतपासणीच्या नावाखाली तो घरच्या प्रेक्षकांना उद्देशून भाषणं करी. पुढे सर्बियातला राष्ट्रवादी नेता शेशेल यानेही तोच मार्ग धरला. न्यायाधीश टोकत राहिले, पण टोकणंही आरोपींच्याच पथ्यावर पडे: एकटा माणूस विरुद्ध झगा घातलेले परदेशी. मिलोशेविच ११ मार्च २००६ ला कोठडीत वारला. ६६ कलमांवर निकाल लागलाच नाही. म्हणून त्याच्याबद्दल ‘दोषी ठरलेला’ असं लिहू नये. ‘आरोपी’ एवढंच बरोबर.

२९ नोव्हेंबर २०१७ ला शेवटच्या अपिलाच्या निकालावेळी प्राल्याक या बोस्नियन क्रोएट जनरलने कॅमेऱ्यासमोर विष घेतलं. त्या दिवशी सहा आरोपींचा निकाल होता. बाकी पाच जणांची नावं किती बातम्यांत आली, ते पाहण्यासारखं आहे.

साक्षीदाराचं नाव कळलं तर छापायचं का?

नाही. संरक्षण तीन पायऱ्यांचं असतं: टोपणनाव, चेहरा-आवाज बदलून साक्ष, आणि पूर्ण बंद दाराआडची सुनावणी. यातलं काहीही फोडणं हा न्यायालयाचा अवमान. न्यायाधिकरणाच्या नियमांत त्यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख युरोपर्यंत दंड होता.

कागदावरचीच धमकी नव्हती ती. क्रोएशियातल्या एका दैनिकाच्या संपादकाला संरक्षित साक्ष छापल्याबद्दल २००६ मध्ये २०,००० युरो दंड झाला, आणि तो साक्षीदार होता खुद्द क्रोएशियाचा पुढे झालेला राष्ट्राध्यक्ष, स्त्येपान मेसिच. ‘सगळ्यांना माहीतच होतं’ हा बचाव चालला नाही. अभियोक्त्याच्या माजी प्रवक्त्या, फ्रेंच पत्रकार फ्लोरन्स हार्टमान यांनी गोपनीय न्यायालयीन निर्णयांचा मजकूर उघड केला म्हणून २००९ मध्ये ७,००० युरो दंड झाला. तो न भरल्याने त्याचं ७ दिवसांच्या कैदेत रूपांतर झालं, आणि २४ मार्च २०१६ ला, कराजिचच्या निकालाच्याच दिवशी, इमारतीबाहेर त्यांना ताब्यात घेतलं गेलं. हे प्रकरण आम्हाला वेगळ्या रांगेतलं वाटतं. साक्षीदाराचा जीव धोक्यात घालणं आणि न्यायालयाच्या स्वतःच्या निर्णयावर प्रकाश टाकणं यांना एकाच काठीने हाकलं गेलं.

व्यवहारात नाव सहसा छापलं जात नाही. ओळख गळते ती तपशिलातून. गाव, व्यवसाय आणि ‘तीन भाऊ मारले गेले’ एवढं एकत्र आलं की त्या खोऱ्यातल्या कुणालाही माणूस कळतो. यातलं जास्तीत जास्त एक ठेवा.

युद्ध पाहिलेल्या पत्रकाराला साक्षीला बोलावता येतं का?

येतं, पण २००२ पासून सहजासहजी नाही. जोनाथन रँडल यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये १९९३ साली ब्रजानिन या बोस्नियन सर्ब नेत्याची मुलाखत छापली होती. न्यायाधिकरणाने समन्स काढलं, रँडल यांनी नकार दिला, आणि ३४ माध्यम संस्था व संघटना त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. ११ डिसेंबर २००२ ला अपील पीठाने समन्स रद्द केलं आणि दोन अटी घातल्या: साक्ष खटल्याच्या गाभ्याच्या मुद्द्यावर थेट आणि महत्त्वाची असली पाहिजे, आणि ती अन्य कुठून मिळण्याजोगी नसली पाहिजे. एक व्यावहारिक बाब इथे निर्णायक होती. रँडल यांना ती भाषा येत नव्हती, दुसऱ्या पत्रकाराने दुभाष्याचं काम केलं होतं. मग आरोपीचे ‘शब्द’ नेमके कुणाचे?

‘गार्डियन’चे एड व्हुलियामी यांच्यासारखे पत्रकार मात्र स्वेच्छेने उभे राहिले. त्यांनी ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियन सर्बांनी चालवलेली ओमार्स्का बंदीछावणी आतून पाहिली होती. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. युद्धभूमीवरचा सेनापती तुम्हाला भावी साक्षीदार समजू लागला तर पुढचा बातमीदार आत शिरू शकणार नाही. आणि जे फक्त तुम्हीच पाहिलंय त्यावर गप्प बसणंही जड जातं. टिपणवह्या मात्र जपून ठेवा. तारीख, वेळ आणि दुभाष्याचं नाव नसलेली टिपणं न्यायालयात फारशी उपयोगी पडत नाहीत.

खुद्द पत्रकारच आरोपी झालेत का?

न्यूरेम्बर्गला, म्हणजे नाझी नेत्यांवरच्या खटल्यात, ‘डेर स्ट्यूर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा ज्युलियस श्ट्रायखर १६ ऑक्टोबर १९४६ ला फासावर गेला, नभोवाणीवरचा हान्स फ्रित्शे सुटला. रवांडाच्या न्यायाधिकरणात ३ डिसेंबर २००३ ला आरटीएलएम रेडिओचे दोन संस्थापक आणि ‘कांगुरा’ नियतकालिकाचा संपादक दोषी ठरले. २८ नोव्हेंबर २००७ च्या अपिलात त्यांच्या शिक्षा ३०, ३२ आणि ३५ वर्षांवर आल्या. रेडिओबद्दल अपील पीठाने महत्त्वाची रेघ ओढली: ६ एप्रिल १९९४ नंतरचं, म्हणजे हत्याकांड सुरू झाल्यानंतरचं प्रसारण हे थेट चिथावणी, आधीचं विषारी प्रसारण त्या कलमात बसत नाही.

युगोस्लाव्हियाबाबत युद्धप्रचारासाठी एकाही संपादकावर हेगला आरोपपत्र आलं नाही. मिलोशेविच खटल्यासाठी रनो द ला ब्रॉस या फ्रेंच तज्ज्ञाने सरकारी प्रचारयंत्रणेवर अहवाल दिला, तेवढंच. पण त्याचा दाब उरला असावा: मे २०११ मध्ये सर्बियाच्या सरकारी वाहिनीने नव्वदच्या दशकातल्या आपल्या प्रसारणाबद्दल जाहीर माफी मागितली.

आरोपी सुटला म्हणजे ते घडलंच नाही?

नाही. क्रोएशियाचा जनरल आन्ते गोतोविना याला १५ एप्रिल २०११ ला २४ वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट १९९५ च्या, सर्बांच्या ताब्यातला प्रदेश परत घेणाऱ्या ‘स्टॉर्म’ मोहिमेतला तोफमारा बेकायदा ठरवताना सुनावणी पीठाने एक माप लावलं होतं: लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपलीकडे पडलेला गोळा म्हणजे नागरिकांवरचा हल्ला. अपील पीठाच्या पाचही न्यायाधीशांनी ते माप निराधार ठरवलं आणि १६ नोव्हेंबर २०१२ ला ३ विरुद्ध २ मतांनी त्याला सोडलं. झाग्रेबच्या चौकात जल्लोष, बेलग्रेडमध्ये संताप. जाळलेली सर्ब घरं आणि मारलेली म्हातारी माणसं दोन्हीकडच्या बातम्यांत मागे पडली. निकाल त्या घटनांबद्दल ‘झाल्या नाहीत’ असं म्हणत नाही. ‘या माणसाचा गुन्हा सिद्ध नाही’ एवढंच म्हणतो. मतविभागणी बातमीत हवीच, आणि असहमत न्यायाधीशांचं मत वाचल्याशिवाय अशी बातमी लिहू नये.

गुन्हा कबूल केला तर बातमीला फायदा होतो ना?

प्रत्येक वेळी नाही. द्राझेन एर्देमोविच या शिपायाने १९९६ मध्ये कबुली देताना, स्रेब्रेनित्साच्या कैद्यांना जिथे मारलं त्या ब्रान्येवो शेतावर बसगाड्या कशा येत होत्या, किती वेळ गोळीबार चालला, हे सांगितलं, आणि पुढच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा साक्ष दिली. त्याचा उपयोग झाला. उलट बोस्नियन सर्ब नेत्या बिल्याना प्लावशिच यांनी २००२ मध्ये एका कलमाची कबुली दिली, ११ वर्षांची शिक्षा घेतली, वंशसंहारासह बाकीची कलमं मागे घेतली गेली, आणि इतरांविरुद्ध साक्ष देण्याची अट त्यांच्यावर नव्हती. पश्चात्तापाच्या मथळ्यांनी पानं भरली. काही वर्षांनी एका स्वीडिश नियतकालिकाला त्यांनी सांगितलं की कबुली सोयीची होती. कबुलीच्या बातमीत दोन प्रश्न हवेत: कोणती कलमं गळली, आणि साक्ष देण्याची अट आहे का?

एवढं सगळं होऊन लोकांचं मत बदललं का?

जिथे बदलायला हवं होतं तिथे थोडं. कारणं बरीचशी व्यावहारिक आहेत. अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच; लोकसंपर्काचा कार्यक्रम १९९९ मध्ये सुरू झाला, म्हणजे स्थापनेनंतर सहा वर्षांनी. तोवर हेगचा अर्थ लावण्याचं काम स्थानिक राजकारण्यांनी घेतलं होतं. नाटोने २३ एप्रिल १९९९ ला बेलग्रेडच्या वाहिनीची इमारत उडवून १६ कर्मचारी मारले. अभियोक्त्याने चौकशी उघडायला नकार दिला. सर्बियातल्या प्रत्येक चर्चेत हा मुद्दा येतो, आणि तो पोकळ नाही.

शिक्षा भोगून परतलेल्यांचं स्वागत हीही बातमीच असते. व्लादिमिर लाझारेविच हा सर्बियाचा जनरल २०१५ मध्ये सरकारी विमानाने परतला आणि दोन वर्षांनी लष्करी अकादमीत व्याख्यान द्यायला गेला. बोस्नियात जुलै २०२१ मध्ये शांतता करारावर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी व्हॅलेंटिन इंत्सको यांनी वंशसंहार नाकारण्यावर बंदीची कायदादुरुस्ती लादली. २३ मे २०२४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ जुलै हा स्रेब्रेनित्सा स्मरणदिन ठरवताना ८४ बाजूने, १९ विरोधात आणि ६८ तटस्थ अशी मतं पडली.

तरी एक फरक मोजता येण्याजोगा आहे. वीस वर्षांपूर्वीचा नाकारणारा ‘काहीच झालं नाही’ म्हणे. आजचा ‘झालं, पण वंशसंहार नव्हता’ म्हणतो. पहिल्या वाक्याची जागा नावं, डीएनए आणि नोंदींनी काढून घेतली आहे.

आपल्या शेजारचं उदाहरण?

बांगलादेश. ढाक्याचं ‘आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण’ नावाने आंतरराष्ट्रीय, पण १९७३ च्या देशी कायद्याखालचं आणि १९७१ च्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी २०१० मध्ये स्थापलेलं देशी न्यायालय आहे. ५ फेब्रुवारी २०१३ ला जमात-ए-इस्लामीचा नेता अब्दुल कादिर मुल्लाला जन्मठेप झाली आणि ढाक्यातल्या शाहबाग चौकात फाशीच्या मागणीसाठी गर्दी जमली. सरकारला अपील करता यावं म्हणून कायदा बदलला, आणि १२ डिसेंबरला त्याला फाशी दिली. त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्ये, न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांचं बाहेरच्या वकिलाशी झालेलं स्काइपवरचं बोलणं उघड होऊन त्यांना पद सोडावं लागलं. २ डिसेंबर २०१४ ला डेव्हिड बर्गमन या पत्रकाराला १९७१ मधल्या ३० लाख मृतांच्या आकड्यावर प्रश्न उपस्थित केल्याबद्दल अवमानासाठी ५,००० टका दंड झाला. हेगला आकडा उलटतपासणीतून तासला गेला; इथे आकड्यावर प्रश्न विचारणंच गुन्हा ठरलं. भारतात १९७१ वर लिहिताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मूळ नोंदी कशा शोधायच्या?

१. अवशिष्ट यंत्रणेच्या संकेतस्थळावर न्यायालयीन नोंदींचा विनामूल्य विदागार आहे. शोध आरोपीच्या नावाने नव्हे, प्रकरण क्रमांकाने करा. नावाच्या रोमन लिपीतल्या चिन्हांमुळे शोध फसतो.

२. आधी निकालाचा सारांश वाचा. तो न्यायालयात मोठ्याने वाचला जातो, पण कायदेशीर निकाल तो नव्हे. अवतरण मूळ निकालातून परिच्छेद क्रमांकासह घ्या. कराजिचचा निकाल अडीच हजार पानांच्या आसपास आहे, म्हणून अनुक्रमणिकेतून गावाचं नाव पकडा.

३. तळटिपेत ‘टी’ अक्षरानंतर आकडा असतो. ते ट्रान्सक्रिप्टचं पान. तिथे जाऊन प्रश्न आणि उत्तर दोन्ही वाचा. साक्षीदार ‘हो’ म्हणतो तेव्हा वाक्य बहुधा वकिलाचं असतं.

४. मग उलटतपासणीची पानं. सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळतात.

५. शेवटी अपिलाचा निकाल. तो न पाहता सुनावणी पीठाचा निष्कर्ष छापला तर गोतोविना अजूनही तुरुंगात असेल.

म्लादिचच्या १८ वह्या, साधारण ३,५०० पानं, फेब्रुवारी २०१० मध्ये बेलग्रेडच्या त्याच्या घरातून मिळाल्या. पुरावा म्हणून दाखल झालेल्या या वह्या संशोधकांना खुल्या आहेत. ज्याला युद्धावर नवं काही लिहायचंय त्याने स्मरणलेखांआधी त्या उघडाव्यात.

नावं मराठीत कशी लिहायची?

इंग्रजी वाहिनीवर ऐकून लिहिली की ‘स्रेब्रेनिका’ होतं. मराठी माणसाला हे उलट सोपं आहे, कारण आपल्याकडे दोन ‘च’ आहेत. चमच्यातला दंत्य ‘च’ म्हणजे त्यांचा साधा रोमन ‘सी’: स्रेब्रेनित्सा. चहातला तालव्य ‘च’ म्हणजे आडनावाच्या शेवटचा, वर रेघ असलेला: म्लादिच, मिलोशेविच, कराजिच. त्यांचा ‘जे’ हा आपला ‘य’: सारायेवो, योविच. अक्षरावर टोपी असलेला ‘एस’ म्हणजे ‘श’, शेशेल. एका बातमीत एकच रूप ठेवा, आणि जुन्या कात्रणांत शोधताना ‘सराजेवो’ आणि ‘साराजेवो’ही टाकून पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते, त्यामुळे १९९२–९३ च्या भारतीय कात्रणांत हा भाग अपेक्षेपेक्षा जास्त सापडतो, फक्त स्पेलिंग त्या काळचं असतं.